फाटका कान

सिग्नल हिरवा झाला, पण ती गेली नाही. तो पुन्हा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला, तरी ती खांबाला हात लावून तशीच उभी. मागून येणारी माणसं वाटेत धोंडा असावा तशी तिच्या दोन्ही बाजूंनी वळून पुढे जात होती; एकजण "बाई, जायचंय की नाही?" असं विचारून उत्तराची वाट न बघता निघूनही गेला. झालं होतं एवढंच, की सकाळच्या गारव्याने खांबाचं लोखंड थंड पडलं होतं आणि पाच महिन्यांपूर्वी तिला जिथे उंदीर चावला होता, डाव्या तर्जनीच्या मुळाशी, नेमकं तिथेच ते लागलं. जुना व्रण ठणकला. त्यासरशी तिला तो उंदीर आठवला, बोट सोडेना म्हणून तिने दिलेला हिसका आठवला, त्या हिसक्यात पिंजऱ्याच्या तारेत अडकून मुळापर्यंत फाटलेला त्याचा उजवा कान आठवला. आणि मग तिला आठवलं, की तोच कान काल संध्याकाळी वजन करताना तिने पुन्हा पाहिला होता. चावला तेव्हा हा उंदीर पाणीवाला होता. काल तो अर्कवाल्यांच्या पिंजऱ्यात बसला होता.

तिचं काम सांगायला सोपं होतं, पण सांगण्याची सोय नव्हती. कुणी विचारलंच तर ती औषधांच्या संशोधनात आहे म्हणायची. कशाच्या औषधांच्या, असं पुढे विचारणारा पुरुष असला तर उत्तर ऐकून तो हमखास पाय जवळ घ्यायचा. एका झुडपाच्या कडूजहर बियांचा अर्क सहा नर उंदरांना साठ दिवस पाजायचा, तुलनेसाठी दुसऱ्या सहांना नुसतं पाणी, आणि अर्काने पिल्लं व्हायची थांबतात का बघायचं. मग अर्क बंद करून आणखी साठ दिवस जाऊ द्यायचे आणि थांबलेलं परत सुरू होतं का बघायचं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तीन वर्षांपूर्वीच मिळालं होतं. थांबतं, अगदी शिस्तीत थांबतं. सगळं घोडं अडलं होतं ते दुसऱ्यावर. मोठे सर व्याख्यानात म्हणायचे, की पुरुषाला थांबण्याची भीती नसते, परत न येण्याची असते, आणि सभागृहातले पुरुष गंभीरपणे माना हलवायचे. ती मागच्या रांगेत बसून पर्समधल्या गोळ्यांच्या पाकिटाची कड नखाने खरवडत असायची. अकरा वर्षं ती मूल न होण्यासाठी गोळी घेत होती. पहिल्या वर्षीच डोकं दुखायला लागलं, साधं नाही, आधी डाव्या डोळ्यासमोर काचेचे तुकडे नाचल्यासारखं व्हायचं आणि मग अर्धं डोकं कुणी पान्ह्याने आवळतंय असं. त्या वेळच्या डॉक्टरने चष्म्यावरून बघत सांगितलं होतं, "सगळ्याच घेतात हो. काही होत नाही." किती सहज म्हणाला होता तो. तांबी बसवून पाहिली, तिने रक्त थांबेना, काढली. पुन्हा गोळी. दोन वर्षांपूर्वी एक नवी, तरुण डॉक्टर भेटली. तिने डोळ्यासमोरच्या काचांचं ऐकलं आणि लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. म्हणाली, "तुम्ही ही गोळी घ्यायलाच नको होती. कधीच. एखाद दिवशी नुसतं डोकं दुखून भागणार नाही."

नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. माणूस वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. वाईट असता तर भांडून मोकळं होता आलं असतं. तो तिचं डोकं चेपून द्यायचा, खिडकीचे पडदे ओढायचा, मुलीला हळू बोलायला लावायचा. फक्त स्वतःचा विषय निघाला की त्याला एकदम उत्तरपत्रिका तपासायच्या आठवायच्या. ऑपरेशन? "अगं, वेड लागलंय का! तिथे सुरी?" दुकानातून आणायची ती वस्तू? "आपण काय आता कॉलेजात आहोत?" दुकानदार त्याचा जुना विद्यार्थी होता, हे खरं कारण. पण त्या तरुण डॉक्टरच्या बोलण्याने तोही हबकला होता, आणि त्याच हबकलेपणात एक दिवस तो म्हणून गेला, "तुझ्या उंदरांचं परत आलं ना, की पहिलं गिऱ्हाईक मी. दिला शब्द." ती तो शब्द धरून बसली. दोन वर्षं. गोळी चालूच ठेवली, कारण दोनच वर्षांचा तर प्रश्न होता आणि उंदीर तिच्या हातात होते. गेल्या महिन्यात निकाल आला. अर्कवाले सहाच्या सहा नर पुन्हा बाप झाले, एकेका मादीच्या पोटात अकरा-अकरा, बारा-बारा पिल्लं. मागच्या रविवारी नवऱ्याने तोंड पाडून, पण शब्द पाळून, माणसांवरच्या चाचणीसाठी स्वयंसेवकाचा अर्ज भरला. सही करताना म्हणाला, "जगाचे सगळे समुद्र शिकवले, आता माझं गलबत कुठे लागतं बघू." ती इतकी हसली, की तिला रडू आलं. तो अर्ज या क्षणी तिच्या पर्समध्ये होता, गोळ्यांच्या पाकिटाला चिकटून.

सिग्नल चौथ्यांदा हिरवा झाला तेव्हा ती रस्ता ओलांडून गेली, पण संस्थेच्या फाटकापर्यंतची ती दहा मिनिटं तिने पायांनी चालून काढली नाहीत, डोक्यात पिंजरे लावत काढली. उंदीर सगळे पांढरे, सगळे सारखे. कानाला खाच पाडायचं यंत्र मोडून वर्ष झालं होतं आणि नव्याची मागणी कुठल्याशा टेबलावर पडून होती, म्हणून खुणा पिवळ्या रंगाच्या: डोक्यावर ठिपका तो अर्कवाला, शेपटीवर पट्टा तो पाणीवाला. हा रंग माणसाच्या बोटावरून महिना महिना जात नाही, पण उंदीर स्वतःला आणि एकमेकांना इतके चाटतात, की त्यांच्या अंगावर तो तीन आठवडेही टिकत नाही. मग पिंजऱ्यावरचं कार्ड बघून पुन्हा लावायचा. अर्क बंद झाल्यावर पहिल्या आठवड्यात पिंजरे धुण्याचा दिवस आला. त्या दिवशी ती घरी होती. पडदे ओढून, उशीत तोंड खुपसून, काचा नाचताना बघत. पिंजरे प्राणीगृहाच्या मामांनी एकट्याने धुतले, रंगही त्यांनीच लावला. मामांना निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. त्या दिवसापासून कुणालाच काही पाजायचं नव्हतं, सगळे उंदीर सारखेच खात-पीत होते, तेव्हा अदलाबदल झाली तरी कळणार कशी? दुसऱ्या दिवशी ती आली, 'खुणा माझ्यासमोर तपासल्या' या ओळीखाली तिने सही केली आणि चहा घ्यायला गेली. तपासल्या नव्हत्या. डोकं अजून जड होतं, आणि मामा काय, बावीस वर्षं हेच करत आलेले.

आणि मग पाणीवाल्यांचा निकाल. तो आठवला तेव्हा तिला फाटकाशी थांबून श्वास घ्यावा लागला. ज्यांना कधीच काही दिलं नव्हतं त्या सहा नरांपैकी फक्त दोघांना पिल्लं झाली होती. चौघांच्या माद्या कोरड्या. सगळे बुचकळ्यात पडले होते. सर म्हणाले, उन्हाळ्यात वातानुकूलन आठवडाभर बंद होतं, त्याचा परिणाम असणार. यांना वगळा, तुलनेला जुन्या नोंदींतले आकडे घ्या. तिनेच घेतले. अहो, त्याच उन्हाळ्यात शेजारच्या पिंजऱ्यांतले सहा जण छान बाप झाले होते, हे तिला तेव्हा दिसलं नव्हतं की बघायचं नव्हतं? तिला खरंच सांगता येईना. माणूस आपल्याला हवं ते उत्तर मिळालं की गणित पुन्हा तपासत नाही. तिला ते उत्तर इतकं हवं होतं, की तिने अर्ध्या डोक्याने सही केली आणि उरलेल्या अर्ध्याने आकडे झाकले. आता कार्डं सरळ करून वाचलं तर वाक्य साधं होतं: अर्क घेतलेल्या सहांपैकी चौघांचं साठ दिवसांत परत आलेलं नाही. पुढे येईल की नाही, कुणालाच माहीत नाही. आणि आज दुपारी बाराला बाराही उंदीर मारून त्यांचे अवयव तपासायचे होते.

मामा तळघरातल्या प्राणीगृहाच्या दारात खाद्याच्या गोळ्या चाळत बसले होते. लाकडाचा भुसा, उंदरांचं मूत आणि फिनेल यांचा तो ओळखीचा वास तिच्या अंगावर आला. या वासाला घरी नाक मुरडतात, तिला त्यात सुरक्षित वाटायचं. तिने न बोलता अपघात-वही काढली. पान सापडलं. तिच्याच अक्षरात: डाव्या तर्जनीस चावा, नर, शेपटीवर पट्टा, पाणी गट, पिंजरा नऊ, प्राण्याचा उजवा कान फाटला. मग तिने अर्कवाल्यांच्या पिंजऱ्यात हात घातला आणि त्या महाशयांना बाहेर काढलं. डोक्यावर ताजा पिवळा ठिपका, उजव्या कानाच्या जागी चुरगळलेली गुलाबी कड. तिने त्याला शेपटीच्या मुळाशी धरून मामांच्या चांगल्या डोळ्यासमोर नेलं.

"मामा, हा कोण?"

मामांनी बराच वेळ पाहिलं. चाळणी खाली ठेवली. "हा तुमचा चावरा," ते म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज बसला. "ताई, त्या दिवशी कार्डं वाळत टाकली होती ओळीने. नऊ, दहा पाणीवाले, अकरा, बारा अर्कवाले. मी ओळ दुसऱ्या टोकाने उचलली असेल. डोळ्याचं... मी बोललो नाही कुणाला. आता काय करता?"

"सही माझी आहे, मामा," ती म्हणाली. "तुमची नाही."

हे म्हणताना तिला मोठेपणा वाटला नाही, राग आला. मामांचा नव्हे. बावीस वर्षं उंदरांची घाण काढणाऱ्या माणसाला आपला डोळा गेलाय हे सांगायची भीती वाटते, तिला आपलं डोकं फुटतंय हे सांगायची लाज वाटते, आणि या दोघांच्या गप्प बसण्यावर उद्या हजारो लोकांनी विश्वासाने तोंड उघडायचं. तिने उंदराला परत ठेवलं. तो निवांतपणे मिशा साफ करायला लागला. तिला वाटलं, न बोलणंही किती सोपं आहे. बारा वाजता सगळे मरतील, कान इतर कानांबरोबर पिशवीत जातील, शोधनिबंधावर आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव पहिलं लागेल, नवरा पहिली मात्रा घेईल आणि ती शेवटची गोळी कचऱ्यात टाकेल. आणि त्याचं परत नाही आलं तर? तर काय, मुलगी आहे की त्यांना, आणखी कुठे हवंय. पण हा विचार तिच्या आवाजात नव्हता. चष्म्यावरून बघणाऱ्या त्या डॉक्टरच्या आवाजात होता. काही होत नाही हो. सगळेच घेतात.

सर साडेदहाला खाली आले. देखरेख समितीची पशुवैद्य अकराला यायची होती, प्राणी मारताना तिने हजर राहायचं असा नियम होता, म्हणून सरांनी नवा शर्ट घातला होता. तिने सगळं उभ्याउभ्या सांगितलं. सरांनी वही वाचली, उंदीर पाहिला, पुन्हा वही वाचली. हुशार माणूस, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"एक फाटका कान," ते म्हणाले. "बारा वर्षांचं काम तू एका कानावर टांगतेस?"

"कान तर आहेच सर. पण पाणीवाल्यांचे आकडेही तेच सांगतात. आपण ते वगळले."

"बरं, समजा. आज कापले की कळेलच ना, कुणाचं चालू आहे आणि कुणाचं बंद. शांतपणे नोंद करू, अंतर्गत."

"आज बंद आहे एवढंच कळेल. पुढे उघडणार होतं की नाही ते कसं कळणार? त्यासाठी ते जिवंत लागतील."

सरांनी दार लोटून घेतलं. त्यांचा आवाज खाली आला, जवळपास प्रेमळ झाला. "अगं, पुरुषांच्या औषधाला जगात कोण विचारतं? दर दहा वर्षांनी कुणीतरी सुरू करतं, दर दहा वर्षांनी कुणीतरी म्हणतं, परत येईल की नाही शंका आहे, आणि दुकान बंद. आज तू तोंड उघडलंस की पुढची पंधरा वर्षं सगळा भार पुन्हा बायकांवरच. तुझ्यासारख्या बाईला तर हे हवंच असेल ना?"

"हवंय," ती म्हणाली. तिचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला आणि शेजारच्या पिंजऱ्यातली खुडबुड थांबली. "तुमच्यापेक्षा जास्त हवंय मला. तुम्हाला निबंधासाठी हवंय, मला उद्या सकाळी उठायला हवंय. पण मला अकरा वर्षं 'काही होत नाही' सांगून गिळायला लावलं. ते वाक्य मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. पुरुषांनासुद्धा नाही."

"मार्चमध्ये तुझी मुदत संपतेय."

"माहितीये."

"कपाटाची किल्ली दे."

प्राण्यांना मारण्याआधी बेशुद्ध करायच्या औषधाचं कपाट. किल्ली तिच्या अ‍ॅप्रनच्या खिशात होती, आणि कधी टाकली ते तिला आठवत नव्हतं. हाताने ते आधीच ठरवून टाकलं होतं. ती जन्मभर किल्ल्या देत आली होती. घराची, सायकलीची, स्वतःच्या दुखण्याचीसुद्धा: कुणी मागितलं की द्यायचं आणि वर हसायचं. तिने खिशावर हात ठेवला.

"नाही," ती म्हणाली.

सर क्षणभर तिच्या खिशाकडे बघत राहिले. हात घालणार थोडेच! सभ्य माणूस. मग ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले, नव्या शर्टासकट, आणि अचानक म्हातारे दिसले. तिला त्यांची दया आली, पण किल्ली दिली नाही. मामा दाराबाहेर चाळणी घेऊन उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आत आले आणि पिंजऱ्यांवरची चार कार्डं एकेक करून काढून तिच्यासमोर टेबलावर मांडली, या वेळी सरळ ओळीत.

पशुवैद्य अकराला पाच कमी असताना आली. जाडजूड, घाईची बाई, हातात हेल्मेट. तिला वही दाखवली, कान दाखवला, आकडे दाखवले. तिने फाटक्या कानाच्या उंदराला उलटंसुलटं करून पाहिलं, तो तिलाही चावायला धावला. "स्वभाव बदललेला दिसत नाही," ती म्हणाली. सरांनी खाकरून सांगितलं, की खुणा लावताना काही गफलत झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. एवढं तरी म्हणाले.

"खुणा तपासल्याची सही कुणाची?" पशुवैद्यने विचारलं.

"माझी. तपासलं नव्हतं."

"लेखी द्याल?"

"दिलंय." तिने कागद पुढे केला. सकाळीच लिहिला होता, मामांचा उल्लेख न करता. नवी खाच मारून, नवी कार्डं लावून, उंदीर जिवंत ठेवावेत आणि नर पुन्हा माद्यांजवळ सोडावेत, असं त्यात होतं.

"किती दिवस?"

"साठ."

पशुवैद्यने कागदावर वेळ टाकली आणि खाली सही केली. तिने सही करण्याआधी सगळं वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत, ओठ हलवत. सर उठून गेले. जाताना दारात थांबून म्हणाले, "निबंधावर तुझं नाव पहिलं होतं." उरलेला दिवस तिने आणि मामांनी बारा पिंजऱ्यांत बारा उंदीर वेगवेगळे केले, यंत्राचे दोन तुकडे तारेने बांधून कानांना खाचा मारल्या, आणि मामांनी दुपारी स्वतःहून विचारलं, की डोळ्याचं ऑपरेशन केलं तर किती दिवस घरी बसावं लागतं.

संध्याकाळी घरी ती आली तेव्हा नवरा जेवणाच्या टेबलावर नकाशांच्या उत्तरपत्रिका तपासत होता. मुलगी मैत्रिणीकडे गेली होती. तिने पर्समधून त्याचा अर्ज काढून त्याच्यासमोर ठेवला आणि दोन वाक्यांत सांगितलं. चौघांचं परत आलेलं नाही. चाचणी थांबली, उंदीर आणखी साठ दिवस बघायचे.

त्याने आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "आणि तुझी नोकरी?" हे त्याने पहिलं विचारलं, ते तिने मनात नोंदवलं, माणूस वाईट नव्हताच. मार्चपर्यंत, ती म्हणाली. मग त्याने अर्ज उचलला, स्वतःची सही पाहिली, आणि त्याचे खांदे हळूहळू खाली आले. रविवारपासून मानेवर बसलेलं काहीतरी उतरलं. तो लपवायचा प्रयत्न करत होता, पण गाल ऐकेनात. "म्हणजे," तो म्हणाला, "सुंठीवाचून खोकला गेला."

"तुझा," ती म्हणाली.

तो हसायचा थांबला. तिने पर्स पुन्हा उघडली. पाकिटात नऊ गोळ्या उरल्या होत्या. ते तिने फेकलं नाही, फाडलं नाही. अर्जाशेजारी, लाल पेनाच्या बाजूला, नीट ठेवलं. आज सरांना नाही म्हणताना आवाज मोठा निघाला होता. आता तो निघाला नाही, आणि तशी गरजही नव्हती.

"आजपासून मी ही घेणार नाही."

"अगं पण... मग..." त्याने पाकिटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुझ्या उंदरांचं कळेपर्यंत तरी? साठच दिवस म्हणालीस ना?"

"साठ दिवस उंदरांना दिलेत. मला द्यायला आता माझ्याकडे नाहीत."

"आणि तोपर्यंत काय करायचं?"

"ते तू ठरव. ऑपरेशनला वीस मिनिटं लागतात. ते नको असेल तर दुसरंही आहे. दोन्ही नको असेल तर तिसरं म्हणजे काहीच नाही, त्यालाही माझी हरकत नाही."

उत्तरपत्रिका तपासायच्या आठवाव्यात तर त्या समोरच पसरल्या होत्या, त्यामुळे तीही सोय नव्हती. त्याने लाल पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं. तिच्या डाव्या डोळ्यासमोर काचा नव्हत्या. खोली स्वच्छ दिसत होती, भिंतीवरचा जगाचा नकाशा, त्याखाली अडकवलेली त्याची पिशवी, दारातल्या चपला. बऱ्याच वेळाने त्याने खुर्ची मागे सरकवली आणि घड्याळाकडे पाहिलं.

"दुकानात तो असेल आता," तो पुटपुटला. "तो माझा विद्यार्थी."

"असेल की," ती म्हणाली आणि हात धुवायला उठली. "तुझाच विद्यार्थी. रस्ता चुकणार नाहीस. नऊपर्यंत उघडं असतं."